मग भिजलास कशासाठी?

कपड्यांसकट भिजलेल्या मोठ्या माणसांची मला शिसारी येते. लहान मुलं भिजली तर काही वाटत नाही, आणि म्हैस भिजली तर तिचं मला कौतुकच आहे. पण पन्नाशीतला माणूस शर्ट-पँट घालून पाण्याच्या फवाऱ्याखाली उभा राहतो, दोन्ही हात वर करतो आणि ‘ओ हो हो’ करत गोल फिरतो, तेव्हा मी तोंड फिरवते. शर्ट ढेरीला चिकटलेला, शर्टातून बनियन दिसतंय, बनियनमधून केस दिसताहेत, खिशातला रुमाल बाहेर लोंबतोय, आणि चेहऱ्यावर भाव असा की याच्यासारखा सुखी माणूस पृथ्वीवर नाही. माझी मुलं म्हणतात, आई, तू फार जुनाट आहेस. असेन. पण त्याला कारण आहे, आणि ते बडोद्याला सुभानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या दारात घडलं.

आमचं घराणं संस्थानच्या नोकरीतलं. आजोबांच्या अंगावर बंद गळ्याचा कोट असायचा. पुढे कोट गेला, पण घरातला बंद गळा तसाच राहिला. बाबा एका मोठ्या कारखान्यात हिशेबखात्यात अधिकारी होते, आणि दारावर दूधवाला आला तरी शर्ट घातल्याशिवाय दार उघडत नसत. घरात आम्ही चौघं होतो, बाबा, आई, मी आणि आत्या. आत्या बाबांची मोठी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला बिनपगारी स्वयंपाकीण करून टाकलं. तिचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका, एक दिवस तिकडे गेले, ‘माहेरपणाला नेतो’ म्हणाले आणि तिला परत पाठवलंच नाही. तिला शिकवलं, प्राथमिक शाळेत नोकरीला लावलं. स्वतः ते डभोईला मास्तर होते आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी बसनं यायचे, हिवाळ्यात पिशवीत तिच्यासाठी तुरीच्या शेंगा असायच्या. ती दोघं गॅलरीत बसून शेंगा सोलायची, फारसं बोलायचीही नाहीत. ‘दादानं मला माणसात आणलं,’ एवढंच ती त्यांच्याबद्दल सांगायची, पण सांगताना तिचा आवाज बदलायचा.

माझ्या लहानपणी मोठी माणसं कपड्यांसकट भिजत ती एकाच प्रसंगी. घराण्यातलं कुणी गेल्याची तार आली की. तार वाचून झाली की ज्या कपड्यांत असाल त्याच कपड्यांत बाथरूममध्ये जायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. याला सचैल स्नान म्हणतात, वस्त्रांसकट केलेली आंघोळ. मी पाच-सहा वर्षांची असेन, बाबांचे एक चुलते गेल्याची तार आली. ऑफिसला निघालेले बाबा बूट काढून तसेच आत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटलेला, त्यातून जानवं दिसत होतं, भांग विस्कटून केस कपाळावर आले होते. मी पडद्याआडून पाहिलं आणि किंचाळले. हे आपले बाबा नाहीत असंच मला वाटलं. आत्यानं मला उचलून घेतलं. तीही भिजलेली होती, आणि तिच्या ओल्या लुगड्याचा गार, जड स्पर्श माझ्या पायांना झाला. तो अजून आठवतो.

एरवी मोठ्या माणसानं भिजणं म्हणजे फजिती. पावसात सापडलेला माणूस घरी यायचा तो ‘छत्री विसरलो’ असं ओशाळून सांगतच. सिनेमात नायिका भिजायला लागली की आमच्याकडचे पुरुष चष्मा पुसायला घ्यायचे.

मग नव्वदचं दशक आलं. केबल आली, कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या आल्या, हप्त्यावर गाड्या आल्या आणि हायवेवर वॉटरपार्क आलं. बाबांच्या कंपनीनं कुटुंबांची सहल तिथं काढली. मी तेव्हा कॉलेजात होते.

त्या सहलीबद्दल मी आजही जेवताना बोलू शकत नाही. दारातच पाटी होती, सुती कपडे चालणार नाहीत, नायलॉनचे भाड्यानं मिळतील. खिडकीतून एक माणूस ते कपडे ढिगातून उपसून देत होता. आदल्या तुकडीनं घातलेले, पिळलेले आणि पुरते न वाळलेले. माझ्या हातात आला तो टी-शर्ट गार होता आणि त्याला क्लोरीनचा आणि कुणाच्या तरी काखेचा मिळून वास येत होता. मी तो परत खिडकीत ठेवला आणि आईबरोबर पिशव्या सांभाळत बसले. समोर लाटांचा तलाव. त्यात कंपनीचे सगळे साहेब, त्यांच्या बायका, मेव्हणे, सासवा, कुणी बर्म्युडात, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये, भोंगा वाजला की एकमेकांच्या अंगावर आदळत होते. काठाला केसांचे पुंजके आणि एक बँडेजची पट्टी तरंगत होती. एका सद्‌गृहस्थांनी तोंडात पाणी घेऊन कारंजं उडवलं, ते त्यांच्या बॉसच्या मानेवर पडलं आणि दोघंही हसले.

आमच्या लोकांना पोहण्याच्या पोशाखाची लाज वाटते, हे मला तिथं कळलं. उघड्या अंगानं पोहणं असभ्य, मग अंग न उघडता सगळं दिसेल असे कपडे घालून लोळायचं, म्हणजे सभ्यता राहिली. आणि बाहेर आल्यावर टॉवेलचं नाव नाही. तसेच ठिबकत बाकांवर बसून सेवउसळ खायची. तर्रीचे लाल थेंब ओल्या मांड्यांवर पडत होते, ते बोटानं पुसून लोक बोटं चाटत होते.

आणि बाबा! आधी नको-नको करून शेवटी गेले. घसरगुंडीवरून खाली आले, पाण्यात गडप झाले आणि वर आले ते तोंड उघडं टाकून. मला वाटलं, काही लागलं की काय. मग ते ओरडले, ‘अगं, काय सुख आहे हे!’ आईनं मान खाली घालून पिशवीची चेन उगाच लावली आणि उघडली. बाबा पुन्हा जिना चढायला लागले. भाड्याची बर्म्युडा त्यांना घट्ट होत होती. मला रडायला येत होतं, इतकी मी चिडले होते.

त्या दिवसापासून बाबांना चटक लागली. कुणाच्या फार्महाऊसवर बोअरच्या पाइपखाली बसायला बोलावलं की निघाले. घरी येताना स्कूटरच्या सीटवर प्लास्टिक, आणि ओले कपडे आमच्या गॅलरीत. जाड पँटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्यांना कुबट वास सुटतो. आत्या तो वास आला की गॅलरीचं दार लावून घ्यायची. भावाला ती काही बोलली नाही. एकदा मला मात्र म्हणाली, ‘ह्याला थंडी वाजत नाही का गं? मला बघूनच वाजते.’

आता त्या धुळेटीचं सांगते. आपल्याकडे रंग रंगपंचमीला, पण बडोद्याला खेळायचा तो होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळेटीला. आमच्या सोसायटीत त्या वर्षी नवा रंग लावला होता. भिंती खराब होतील म्हणून कमिटीनं ठरवलं की गुलाल नाही, रंग नाही, फक्त पाणी. म्हणजे रेन डान्स. हा शब्दही तेव्हाच आला. बांबूंना भोकं पाडलेले पाइप बांधायचे, खाली नाचायचं. सोसायटीच्या टाकीत सकाळी तासभरच पाणी येत होतं, आणि वर्गणी काढून नाचायला टँकर मागवला होता.

आदल्या दिवशी डभोईहून निरोप आला होता, मोठ्या काकांना छातीत दुखू लागलं म्हणून दवाखान्यात ठेवलंय. धुळेटीचा दिवस, बस नाही, रिक्षा नाही, रस्त्यानं जाणं अवघड. आमचा फोनही नेमका बंद पडलेला. सकाळी बाबा खाली सेक्रेटरींच्या घरून दवाखान्यात फोन लावायला गेले. आत्यानं दाराजवळ खुर्ची ओढून घेतली आणि दार उघडं टाकून बसली. हातात जपमाळ होती, पण मणी सरकत नव्हते.

फार वेळ झाला. आई मला म्हणाली, ‘बघ गं, बाबा का नाही आले अजून.’ मी खाली गेले. आणि काय बघते, तर बाबा पाइपखाली! पांढरा लेंगा-शर्ट अंगाला चिकटून कातडीसारखा झालेला, चष्मा सेक्रेटरींच्या हातात, आणि हे त्या घोळक्यात हात वर करून उड्या मारताहेत. सगळे त्यांना चेव आणत होते, ‘अंकल, आवी जाव ने! एक दिवस तो जलसा करो!’ शेजारी एक काकू साडीचा पदर खोचून चिखलात फुगडी घालत होत्या. टँकरच्या पाण्याला लोखंडाचा वास होता. मला बघून बाबा ओरडले, ‘काका बरे आहेत! पेज घेतली त्यांनी!’

‘आत्याला सांगितलंत?’

‘निघालोच होतो गं, ह्यांनी ओढलं. सांगतो, सांगतो.’

आणि निघाले धावत. आनंदानं पायऱ्या दोन-दोन करत चढत होते. त्यांच्या अंगाचं पाणी माझ्यावर उडू नये म्हणून मी मागे अंतर ठेवून चालत होते. त्यामुळे पुढचं मी वळणाच्या पायरीवरून पाहिलं.

बाबा दारात पोचले. नाचून, ओरडून आणि जिना चढून त्यांना इतका दम लागला होता की तोंडून शब्द फुटेना. डोळे टँकरच्या पाण्यानं लाल झाले होते. त्यांनी ‘थांब’ म्हणायला आत्यासमोर तळहात धरला. केसांमधून पाणी उंबऱ्यावर गळत होतं. आत्यानं त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. फोन करायला गेलेला भाऊ कोरडा गेला होता आणि कपड्यांसकट ओला परत आला होता. तिला आणखी काही विचारायची गरजच नव्हती.

ती उठली. जपमाळ खुर्चीवर ठेवली, बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि नळ पुरता सोडला.

आम्ही दार बडवत होतो. ‘अगं ताई, बरा आहे तो! ताई!’ बाबांचा आवाज आता फुटला होता, पण पितळी बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज मोठा होता. आतून तांब्यानंतर तांब्या ओतल्याचं ऐकू येत होतं, आणि मधूनच तिचं रडणं. आत्याला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. शाळेत वर्ग सांभाळलेली बाई ती, रडणाऱ्या पोरांना दटावणारी. आई भिंतीला टेकून उभी राहिली. खाली गाणं चालू होतं.

ती बाहेर आली तेव्हा लुगडं निथळत होतं, पांढरे केस गालांना चिकटले होते. ती बाबांना म्हणाली, ‘कधी गेला?’

‘गेला नाही गं! बरा आहे. पेज घेतली म्हणे सकाळी. उद्या-परवा घरी सोडतील.’

आई म्हणाली, ‘खोटं रडणं झालं ना, आता बघा, भाऊजींचं आयुष्य वाढलं.’ असं मानतात आपल्याकडे. पण आत्याला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. ती बाबांकडेच बघत होती.

‘मग तू भिजलास कशासाठी?’

बाबांनी शर्टाचं टोक पिळलं. ‘असंच. खाली सगळे... जरा मजा.’

‘मजा,’ ती म्हणाली. तेवढा एकच शब्द, आणि तोही जिभेवरून खडा काढावा तसा. मग ती आत गेली आणि बाबांच्या अंगावरून पडलेल्या पाण्यावर मी पायानंच फडकं फिरवत राहिले. तिच्या पाण्यात आणि त्यांच्या पाण्यात मला त्या वेळी हात घालवत नव्हता, इतकी किळस दाटून आली होती. कुणाची, ते मला नीट सांगता आलं नसतं. बाबांची तर होतीच.

मोठे काका त्यानंतर बरीच वर्षं जगले. हिवाळ्यात येत राहिले, शेंगा आणत राहिले. बाबांनी मात्र पुन्हा कधी रेन डान्सचं नाव काढलं नाही. सोसायटीत दर वर्षी पाइप लागत होते. पुढे लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना भिजवायची फॅशन आली, हॉटेलांत धबधबे आले, भिजायसाठी खास कपडे आले. माझ्या लग्नानंतर मी फतेगंजला राहायला गेले, तिथल्या गच्चीवरही तेच. बाबा धुळेटीच्या दिवशी घराची खिडकी लावून बसायचे. आत्या तरीही वर्षातून एकदा त्यांना टोमणा मारायचीच, ‘काय, आज नाही का जायचं नाचायला?’ आणि ते हसायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे.

मोठे काका गेले ते भर मे महिन्यात. त्यांनी अंथरूण धरलं म्हणून आई-बाबा आधीच डभोईला गेले होते आणि मी आत्याजवळ राहायला आले होते. तिचं हृदय कमकुवत झालं होतं, डॉक्टरांनी धक्का बसेल असं काही सांगू नका म्हणून बजावलं होतं. बाबांचा मोबाइलवर फोन आला. ‘गेला दादा. चांदोदला नेतोय, नर्मदेवर. तिला आत्ता कळू देऊ नकोस. मी येतो, मग बघू.’

दुपार उलटून गेल्यावर बाबांच्या एका पुतण्यानं त्यांना गाडीनं आणून सोडलं. आई डभोईलाच राहिली होती. मी खाली गेले. नर्मदेत त्यांनी कपड्यांसकट डुबकी घेतली होती, पण वाटेत उन्हानं कपडे वाळले होते, आणि स्मशानातून आलेल्या माणसानं अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात यायचं नाही. ते कंपाउंडच्या नळाखाली बसले. मी म्हणाले, ‘बाबा, वर आत्या आहे. ती बघेल.’

‘झोपली असेल ना आता? तू ओत. दादासाठी एवढं तरी नीट होऊ दे.’

मी बादली ओतली. ते डोळे मिटून बसले होते. सत्तरी गाठलेले बाबा. मला किळस आली नाही.

आत्या झोपलेली नव्हती. दाराजवळच्या खुर्चीतच होती. बाबा दारात उभे राहिले, तेच दार, तसेच ठिबकत. तिनं त्यांच्याकडे बघितलं. मी त्यांच्या मागे रिकामी बादली धरून उभी.

‘हे काय?’ ती म्हणाली.

बाबांनी तोंडावरचं पाणी हातानं निपटलं. मग म्हणाले, ‘येताना वॉटरपार्कला गेलो होतो. ऑफिसातली जुनी मंडळी भेटली होती.’

आणि आत्या सुरू झाली. ‘लाज नाही वाटत? ह्या वयात? भाऊ तिकडे अंथरुणाला खिळलाय आणि तू घसरगुंड्या खेळतोस? आपल्या घरात हे असलं कधी कुणी केलं होतं का? काय सुख मिळतं रे तुला, घाणेरड्या पाण्यात लोळून?’ मी गेली कित्येक वर्षं मनात जे जे म्हणत आले होते ते सगळं ती म्हणाली, आणि बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. हनुवटीवरून पाणी गळत होतं. ‘चुकलो ताई,’ ते म्हणाले. ‘आता नाही जाणार.’

‘जा, कपडे बदल.’

ते तिच्या समोरून आत गेले. पातळ शर्ट अंगाला चिकटला होता, आणि तेव्हा मला दिसलं. जानवं उजव्या खांद्यावर होतं. एरवी ते डाव्या खांद्यावर असतं. गेलेल्या माणसाला तिलांजली देताना ते उजव्या खांद्यावर घेतात. नदीकाठी घेतलं ते सरळ करायचं बाबा विसरले होते.

मी आत्याकडे बघितलं. तीही त्यांच्या पाठीकडेच बघत होती.

खोलीचं दार लागल्याचा आवाज झाला. आत्यानं खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. मी धरलं.

‘त्याला सांग, जानवं उलटं राहिलंय,’ ती म्हणाली. मग तिनं माझं मनगट धरलं. ‘नको. नको सांगू. मला कळलंय हे त्याला कळायला नको.’

‘आत्या...’

‘मला बाथरूममध्ये ने. स्टूल ठेव.’

मी नेलं. ती लुगडं नेसूनच स्टुलावर बसली, पदर नीट केला, भिंतीला हात टेकला.

‘नळ मोठा सोड,’ ती म्हणाली. ‘त्याला ऐकू नको जायला.’

मी नळ पुरता सोडला आणि तिच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला.